वर्गात बोटांचे ठसे: साहित्य, कृती आणि हमखास होणारे घोटाळे

रेशनच्या दुकानात आजीचा अंगठा मशीनवर लागत नाही, हे आमच्याकडची पहिलीतली मुलंही सांगतात. निपाणीकडे विड्या वळणाऱ्या बायका, चिकोडी-अथणी पट्ट्यातले ऊसतोड करणारे, खानापूरचे मातीकाम करणारे, वडगाव-शहापुरातले मागावर बसणारे, अशा घरांतली ही मुलं. बोटांचा ठसा त्यांच्यासाठी गोष्टीतली वस्तू नाही. आधारसाठी पाच वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत. पाच पूर्ण झाल्यावर आणि पुन्हा पंधराव्या वर्षी घेतात. म्हणजे पहिलीत बसलेल्या मुलाने दहाही बोटं त्या काचेवर नुकतीच ठेवलेली असतात, नाहीतर लवकरच ठेवायची असतात. त्या काचेला नक्की काय दिसतं हे मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसावं, एवढ्यासाठी आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या मराठी शाळांत पहिली ते पाचवीला हा विषय घेतो.

सुरुवात साहित्याशिवाय करावी. एक आरसा किंवा अक्षर दासोहच्या, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाचं गुळगुळीत स्टीलचं ताट कोरड्या फडक्याने पुसून घ्यायचं, मुलाने त्यावर अंगठा टेकवायचा आणि तोंड जवळ नेऊन ‘हाः’ करून वाफ सोडायची. वाफेचे थेंब मोकळ्या पृष्ठभागावर जसे बसतात तसे घामातल्या क्षारावर आणि तेलावर बसत नाहीत. त्यामुळे काही क्षण रेषा स्पष्ट दिसतात आणि वाफ उडाली की जातात. पुन्हा ‘हाः’ केलं की पुन्हा दिसतात. आपण जिथे जिथे हात लावतो तिथे न दिसणारं काहीतरी मागे राहतं, ही गोष्ट इथे सांगावी लागत नाही.

यातला पहिला अडथळा म्हणजे डोक्याचं तेल. सकाळी चप्प तेल लावून भांग पाडून आलेल्या मुलाने केसांवरून हात फिरवून आरशाला लावला की रेषा दिसत नाहीत, नुसता चिकट डाग उमटतो. दोन रेषांमधली खाच तेलाने भरून जाते. साबणाने हात धुऊन लगेच ठसा घ्यायला गेलं तर काहीच उमटत नाही, आणि मुलांना याचंच सगळ्यात नवल वाटतं. तळहाताच्या आणि बोटांच्या कातडीत घामाच्या ग्रंथी असतात, तेलाच्या नसतात. तेल येतं ते चेहऱ्याला आणि केसांना हात लावल्यावर. म्हणून हात धुवायचे, कोरडे करायचे, पाच मिनिटं थांबायचं, मग बोट नाकाच्या बाजूला हलकेच एकदा घासायचं. एवढं तेल पुरतं. डिसेंबर-जानेवारीत सकाळच्या थंडीने हात कोरडे पडलेले असतात, तेव्हा हे नाकाला घासणं टाळून चालत नाही.

कायमचा ठसा घेण्यासाठी लहान मुलांच्या हाती द्यायला पेन्सिल आणि चिकटपट्टी यापेक्षा चांगलं काही नाही. शाई सांडत नाही, हात धुतले की स्वच्छ होतात. तीस मुलांच्या वर्गाला ६बीच्या चार पेन्सिली पुरतात. नसतील तर ४बी चालते. नेहमीची एचबी चालत नाही, कारण तिच्यात चिकणमाती जास्त आणि ग्राफाइट कमी असतं, ठसा फिकट येतो. पारदर्शक चिकटपट्टी २४ मिलीमीटर रुंदीची घ्यावी. अर्ध्या इंचाच्या अरुंद पट्टीत अंगठा मावत नाही आणि नेमका कडेचा भाग सुटतो. एका बोटाला चार सेंटीमीटर, म्हणजे एका मुलाला ४० सेंटीमीटर आणि तीस मुलांना १२ मीटर पट्टी लागते. तुकडे आधीच कापून प्लॅस्टिकच्या फूटपट्टीच्या कडेला ओळीने डकवून ठेवावेत. वर्ग सुरू झाल्यावर कापायला बसलं तर अर्धा तास त्यातच जातो.

कागदावर तीन सेंटीमीटरचा चौकोन करून तो चकाकेपर्यंत काळा करायचा. बोटाचं टोक न घासता पहिल्या पेराचा फुगीर भाग त्यावर घासायचा. मग ते बोट रद्दी कागदावर एकदा टेकवायचं म्हणजे जास्तीची भुकटी निघून जाते. मुलं ही पायरी गाळतात आणि सगळंच काळं येतं. पट्टीचं एक टोक अर्धा सेंटीमीटर दुमडून मूठ करायची, नाहीतर चिकट बाजूवर दुसऱ्या हाताचे ठसे आधी उमटतात. पट्टी बोटाच्या एका कडेला टेकवून दुसऱ्या कडेपर्यंत एकाच दमात बसवायची. सुरकुती पडली तर ती दाबून सरळ करू नये, पट्टी टाकून द्यावी. दोनदा दाबलं की रेषांची दुहेरी नक्षी येते, आणि मूल तीच आपली नक्षी समजतं. उमटलेली पट्टी पांढऱ्या कागदावर चिकटवायची, खाली हात आणि बोट लिहायचं. पाच मुलांत एक भिंग असलं तरी चालतं. नसेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठं करून बघता येतं, पण भिंग हातात असलं की मुलं जास्त वेळ बघतात, हा आमचा नेहमीचा अनुभव आहे.

आता ज्या गोष्टीवर या विषयाचे वर्ग सर्रास अडकतात ती. शाईच्या पॅडवर बोट टेकवून कागदावर उठवलेला ठसा आरशातल्यासारखा उलटा असतो. पेन्सिल-पट्टीचा ठसा तसा नसतो. आपण पट्टीच्या पाठीमागून, जणू पट्टीतून आरपार, बोटाकडेच बघत असतो, त्यामुळे तो बोट जसं समोर दिसतं तसाच सुलटा येतो. एकाच बोटाचे हे दोन ठसे शेजारी ठेवले तर एकातली वळणं, म्हणजे एका बाजूने येऊन त्याच बाजूला परत फिरणाऱ्या रेषा, डावीकडे उघडतात आणि दुसऱ्यातली उजवीकडे. मुलं म्हणतात, ‘हे दुसऱ्याचं बोट आहे’. शिक्षकालाही क्षणभर तसंच वाटतं. पुढे पावडर टाकून पेल्यावरचा ठसा पट्टीने उचलतात तेव्हा तो पुन्हा उलटा असतो, कारण पेल्यावर उमटतानाच तो उलटा झालेला असतो आणि पट्टीने त्याची दिशा बदलत नाही. म्हणजे पेल्यावरून उचललेला ठसा शाईच्या ठशाशी जुळतो, पेन्सिलच्या ठशाशी जुळत नाही. ओळख पटवण्याचा खेळ घ्यायचा असेल तर नोंदीचे ठसे शाईचेच हवेत. शाई नको असेल तर पेन्सिलची पट्टी पारदर्शक प्लॅस्टिकच्या तुकड्यावर चिकटवावी आणि जुळवताना तो तुकडा उलटा धरावा.

दिशा तपासायची एक सोपी खूण आहे. बहुतेक माणसांच्या हातांवरची बहुतेक वळणं करंगळीच्या बाजूला उघडतात. उजवा हात कागदावर पालथा ठेवला की करंगळी उजवीकडे येते, म्हणून उजव्या हाताच्या शाईच्या ठशांत वळणं जास्त करून उजवीकडे उघडलेली दिसायला हवीत. सगळी डावीकडे दिसली तर एक तर पट्टीचे ठसे आहेत किंवा हातांची नावं अदलाबदल झाली आहेत. तर्जनीवर मात्र अंगठ्याकडे उघडणारं वळण कधीमधी सापडतं, तेवढं एक बोट उलटं दिसलं तर घाबरू नये.

शाईचं काम दुसरीच्या पुढे. बेंदराला बैलांच्या पाठीवर उठवलेले रंगीत पंजे मुलांनी पाहिलेले असतात. त्या पंज्यात बोटं दिसतात, रेषा का दिसत नाहीत, असं विचारावं. रंग जास्त, हे उत्तर मुलंच देतात आणि पुढचं काम सोपं होतं. नवं स्टॅम्प पॅड शाईने डबडबलेलं असतं, त्यावर रद्दी कागद दाबून दोनदा शाई टिपून घ्यावी. पहिला ठसा रद्दीवर, दुसरा चांगल्या कागदावर. जवळजवळ नेहमी दुसराच बरा येतो. लहान मुलांच्या रेषा मोठ्यांच्या रेषांपेक्षा बारीक आणि दाट असतात. मोठ्या माणसाला चालतो तेवढा दाब मुलाच्या बोटावर दिला की खाचा मिटतात, म्हणून दाब अगदी हलका हवा.

ठसा टेकवावा की लोळवावा? नक्षी ओळखायची असेल तर लोळवावा, नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. अंगठा अंगाकडे लोळवायचा, बाकीची बोटं अंगापासून दूर. या दिशेने हात अवघडलेल्या स्थितीतून मोकळा होत जातो आणि घसरत नाही. टेबल मुलाच्या कोपराच्या उंचीचं असावं. जमिनीवर बसवून घेतलं तर मनगट वाकतं आणि ठशाचा वरचा भाग पुसटतो. मुलाला स्वतःचं बोट लोळवू देऊ नये, ते मदत म्हणून जोर लावतं. त्याला खिडकीबाहेर बघायला सांगायचं, बोट आपण धरायचं. कापलेलं, भेगाळलेलं बोट सोडून द्यावं. हाताला भाजल्याची खूण असलेल्या किंवा बोट कमी असलेल्या मुलाला कुठलं बोट द्यायचं ते त्यालाच ठरवू द्यावं. शाई काढायला आधी खोबरेल तेल चोळून मग साबण लावावा. रॉकेल मुलांच्या हाताला लावू नये. पावसाळ्यात, विशेषतः खानापूर तालुक्यात, कागद दमट असतो आणि शाई पसरते. हे काम नोव्हेंबरनंतर ठेवलेलं बरं.

अंगणवाडीच्या आणि पहिलीच्या मुलांना अंगठ्याच्या ठशाला पाय काढून मुंगी करणं, चोच काढून पिल्लू करणं आवडतं, ते जरूर करावं. फुग्याचा प्रयोगही याच वयाचा. न फुगवलेल्या पांढऱ्या फुग्यावर पातळ शाईचा ठसा उठवायचा, पूर्ण वाळू द्यायचा आणि मग फुगवायचा. रेषा इतक्या मोठ्या होतात की भिंग लागत नाही. फुगवायचं काम शिक्षकाने करावं. फुटलेल्या फुग्याचे तुकडे लगेच गोळा करावेत, लहान मुलांच्या घशात ते अडकतात.

नक्ष्यांची ओळख करून देताना घरातून आलेले शब्द वापरावेत. वळून परत फिरणारी रेषा (वर जिला वळण म्हटलं ती) म्हणजे शंख, गोल फिरणारी म्हणजे चक्र, आणि एका बाजूने येऊन मध्ये उंच होऊन दुसऱ्या बाजूने जाणारी म्हणजे कमान. तक्त्यावर त्याखाली कन्नडही लिहावं, पुढे तेही लागतं. दहा चक्रांचा माणूस राजा होतो हे मुलं घरून ऐकून येतात. त्यावर हसू नये. पण चक्रांवरून नशीब कळत नाही, हे स्पष्ट सांगावं, कारण एकही चक्र नसलेलं मूल त्या तासाला खरोखर हिरमुसतं. या रेषा आईच्या पोटातच, साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात तयार होतात. तेव्हा बोटांची टोकं कशी फुगलेली आहेत, कातडी कुठे किती ताणली जातेय यावर नक्षी ठरते. म्हणून एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांचेही ठसे वेगळे असतात. वर्गात जुळी असतील तर हे दाखवायला दुसरं काही लागत नाही.

तिसरी-चौथीला शंख आणि चक्र डोळ्यांनी ओळखण्यापेक्षा तिकट्या मोजायला शिकवावं. तीन बाजूंनी आलेल्या रेषा जिथे भेटतात ती तिकटी. कमानीत ती सहसा नसते, शंखात एक असते, चक्रात दोन. ठसा नीट लोळवला नसेल तर कडेची तिकटी कागदावर येतच नाही आणि चक्राला शंख म्हटलं जातं. लोळवण्याचा एवढा आग्रह त्यासाठी. मोजणी झाली की सगळ्या वर्गाच्या बोटांचा स्तंभालेख करावा. तीस मुलांची ३०० बोटं. जगभर साधारण ६० ते ६५ टक्के शंख, ३० ते ३५ टक्के चक्रं आणि पाचेक टक्के कमानी आढळतात, म्हणजे ३०० बोटांत १८० ते १९५ शंख, ९० ते १०५ चक्रं आणि पंधराएक कमानी अपेक्षित. वर्गाचा आकडा याला सोडून गेला तर तो दुरुस्त करायचा नसतो. एका गावात चुलत-मावस भावंडं एकाच वर्गात असतात आणि नक्षीचा प्रकार काही अंशी घराण्यातून येतो. आमच्या अनुभवात मुलांची सगळ्यात चांगली चर्चा याच जागी होते.

आजीच्या अंगठ्याचा प्रश्नही इथेच घ्यावा. तंबाखू, ऊस, सिमेंट, माती, चुना यांत वर्षानुवर्षं काम केलेल्या बोटांच्या वरच्या कातडीतल्या रेषा झिजतात आणि मशीनला उंच-सखल फरक सापडत नाही. नक्षी मात्र आतल्या थरात शाबूत असते, म्हणून काही दिवस विश्रांती मिळाली की रेषा परत येतात. खोल जखमेचा वण तेवढा राहतो. वयाने कातडी सैल आणि कोरडी पडते ते वेगळंच. हात धुऊन, किंचित ओलसर ठेवून, दुसरं बोट लावून बघणं यातून पुष्कळदा काम होतं, हे मुलाने घरी जाऊन सांगावं. मात्र वर्गात ‘अंगठेबहाद्दर’ हा शब्द येऊ देऊ नये. ज्या हातांनी घर चाललंय त्यांचा तो अपमान आहे.

पावडरचा प्रयोग तिसरीपासून. काळी पूड घरच्या घरी करता येते: पेन्सिलचं शिसं बारीक काचपेपरवर घासून पडलेली भुकटी, किंवा कोळसा खलबत्त्यात कुटून पातळ सुती कापडातून गाळलेला. एका गटाला पाव चमचा पुरते. गडद वस्तूवर अंगाला लावायची टाल्कम पावडर वापरावी. रांगोळी चालत नाही, तिचा कण जाड असतो. मुलं हमखास मिश्री आणायची कल्पना काढतात, कारण ती काळी आणि बारीक असते. ती जळलेली तंबाखू आहे, वर्गात आणू देऊ नये आणि का नको हेही सांगावं.

ब्रश मऊ हवा. चेहऱ्याच्या मेकअपचा मोठा ब्रश उत्तम, चित्रकलेचा ताठ केसांचा नको. ब्रशची नुसती टोकं पुडीला टेकवायची, झटकायची आणि ठशावर टेकेल न टेकेल असा गोल फिरवायचा. रेषा दिसू लागल्या की त्यांच्या दिशेने दोन-तीनदा फिरवून थांबायचं. न थांबणं हीच चूक सगळे करतात. दिसलेला ठसा आणखी स्पष्ट करायला जातात आणि पुसून टाकतात. काचेचा पेला, आरसा, जुनी सीडी यांवर ठसा छान येतो. दगडी पाटीवर येत नाही, तिच्या सूक्ष्म छिद्रांत पूड सगळीकडे सारखी बसते. खडबडीत प्लॅस्टिकच्या डब्यावरही नाही. पावसाळी हवेत पूड गुठळ्या धरते, ती उन्हात तासभर पसरून घ्यावी. पंखा बंद ठेवावा, तोंडाला रुमाल बांधावा.

ओळख पटवण्याच्या खेळाला ‘चोर कोण’ असं नाव देऊ नये. ज्याचा ठसा जुळतो त्या मुलाला पुढे आठवडाभर तेच नाव चिकटतं. ‘पेला कोणी उचलला’ एवढंच ठेवावं, आणि नोंदीचे ठसे मोठ्यांचे घ्यावेत: शिक्षक, मुख्याध्यापक, स्वयंपाकाच्या मावशी तयार असतील तर त्याही. आधी नक्षीचा प्रकार बघून शक्यता कमी करायच्या, मग रेषेचं टोक, फाटा, ठिपका, डोळा (रेषा फुटून पुन्हा जुळते ती जागा) अशा खुणा शोधायच्या. तीन खुणा एकाच जागी, एकाच क्रमाने सापडल्याशिवाय नाव घ्यायचं नाही, असा नियम ठेवला की मुलं घाई करत नाहीत.

मुलांच्या दहा बोटांचे ठसे नावासकट भिंतीवर लावू नयेत, फोटो काढून पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकू नयेत. दस्तांवरच्या ठशांवरून नकली बोटं बनवून आधारशी जोडलेल्या खात्यांतून पैसे काढल्याचे गुन्हे देशात नोंदवले गेले आहेत, त्यात कर्नाटकही आहे. मुलाचा ठसा जन्मभर तोच राहणार आहे, पासवर्डासारखा बदलता येणार नाही. नावाऐवजी चिठ्ठीवरचा क्रमांक, तक्त्यासाठी फक्त नक्षीचा प्रकार, आणि काम संपल्यावर प्रत्येकाचा कागद त्याच्या हातात परत. पुसट, वाया गेलेले ठसे मुलांसमोर फाडावेत. पालकांना आधी कळवून ठेवावं.

पाचवीच्या मुलांना यातून गणितही देता येतं. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांची कचेरी सुरू झाली, तिथे अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी ठशांचे कागद नक्षीप्रमाणे लावून ठेवण्याच्या मांडणीचं काम केलं. नाव मात्र त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांचं लागलं. त्या पद्धतीत उजव्या अंगठ्यापासून करंगळीपर्यंत १ ते ५ आणि डाव्या अंगठ्यापासून करंगळीपर्यंत ६ ते १० असे क्रमांक देतात. १-२, ३-४ अशा क्रमाने पाच जोड्या करतात. पहिल्या जोडीतल्या चक्राला १६ गुण, दुसऱ्या जोडीला ८, मग ४, २, १. बाकी नक्ष्यांना शून्य. सम क्रमांकाच्या बोटांची बेरीज अधिक एक वर, विषम क्रमांकांची बेरीज अधिक एक खाली. वर ३२ आणि खाली ३२ शक्यता, म्हणून कागद ठेवायची एकूण १०२४ घरं. उजवा अंगठा, उजवी अनामिका आणि उजवी करंगळी यांवर चक्रं असतील तर वर ८ अधिक १ म्हणजे ९, खाली १६ अधिक ४ अधिक १ म्हणजे २१. इथे पाचवीची मुलं सवयीने ३ ने भाग देऊन ३/७ लिहितात. हा अपूर्णांक नाही, घराचा पत्ता आहे. ३/७ हे वेगळंच घर आहे, तिथे दुसऱ्याच कुणाचे ठसे असतात. फळ्यावर ९/२१ आणि ३/७ ही दोन्ही घरं शेजारी काढून प्रत्येकात कोणत्या बोटांवर चक्रं येतात ते मुलांकडूनच शोधून घ्यावं.